पाणी मळीत आलं, पाणी गावात आलं

2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि कृष्णा तेव्हा 57 च्या वर गेली होती. त्यानंतर घरातून जो राडा उपसलाय, तो अजून नखात आहे असं वाटतं. तेव्हा पुराचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही, हे आधीच सांगतो.

पण आमच्याकडं पुराचं बोलणं निघालं की गाडी थेट कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावर जाते. त्यापुढं सरकलीच तर भिंत बांधा, पाणी दुष्काळी भागाकडं वळवा. बोला, बोलायलाच पाहिजे. फक्त नदीला स्वतःला पूर किती लागतो, हे कुणी विचारत नाही.

आमचा आज्जा दोन वेगळी वाक्यं वापरायचा. "पाणी मळीत आलं" म्हणताना चेहऱ्यावर काळजी नसायची. "पाणी गावात आलं" म्हटलं की आजी धान्य माळ्यावर टाकायला लागायची. मळी म्हणजे नदीकडेची गाळाची रानं. तिथं पाणी चार-दोन दिवस बसायचं आणि पोयटा, म्हणजे सुपीक गाळ, ठेवून उतरायचं. आसपासच्या विहिरीही त्यातच भरायच्या. कृष्णाकाठच्या वांग्याची चव लोक पुण्या-मुंबईत जाऊन सांगतात, पण ती चव त्या गाळाची आहे, हे सांगायचं राहून जातं.

माशांचं तर सगळं गणितच त्या पाण्यावर. मृगाचं पहिलं गढूळ पाणी आलं की मासे उलटे वर चढतात. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. कितीतरी जाती ओढ्यांत, बुडालेल्या गवतात अंडी घालतात. उथळ पाण्यात पिल्लांना बारीक किडे मिळतात, मोठ्या माशांपासून आडोसा मिळतो, आणि पाणी उतरताना ती नदीत येतात. (नेमकं तेव्हाच आपण जाळी घेऊन उभे असतो आणि पोटात गाभोळी असलेला मासा कौतुकानं घरी आणतो. मीही आणलाय.) आता ओढे बुजलेत, मळीची माती वीटभट्टीला गेली, उरलेल्या रानात पाण्यापर्यंत ऊस. मासा चढून जाणार कुठं?

कोल्हापूरकडं पंचगंगेवर दुसरीच तऱ्हा. उन्हाळाभर बंधाऱ्यांमागं मैलापाणी आणि कारखान्यांचं पाणी तुंबतं. ते पहिल्या पावसात एकदम पुढं सरकतं, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे वर येऊन तोंड उघडतात आणि दुसऱ्या दिवशी काठाला खच पडतो. नवीन पाण्यानं मेले म्हणतात लोक. नवीन पाण्याचा काय दोष? मेले ते आपल्या जुन्या पाण्यानं. पुढं जोराचा लोंढा आला की महिनोन्‌महिने न निघणारं केंदाळ (जलपर्णी) वाहून जातं, नदी मोकळी होते. आपली घाण तेवढी खालच्या गावांना मिळते, तो भाग वेगळा.

मळीतलं पाणी दोन-चार दिवसांत उतरलं तर नदीचं भलं होतं. तेच आठ-दहा दिवस तुंबलं की बुडालेला ऊस कुजतो, पाणी काळं पडतं, वास सुटतो आणि त्यातही मासा तगत नाही. शिवाय शेततळी फुटून चिलापी (तिलापिया, बाहेरून आणलेला मासा) नदीत येते. बंदी असलेला आफ्रिकन मांगूरही कुणी कुणी पाळतोच, तोही सुटतो. पूर ओसरल्यावर जाळ्यात कोण जास्त सापडतं ते कोळ्यांना विचारा.

नरसोबावाडीला दत्ताच्या देवळात पाणी पादुकांवरून जाऊन दक्षिण दारानं बाहेर पडलं की लोक त्या पाण्यात स्नानाला गर्दी करतात. चढत्या पाण्याची वाट बघणारी माणसं आहोत आपण, हे विसरलोय.

कायद्यात निळी रेषा आहे, 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकाम नको म्हणतात. माझं म्हणणं, नदीलगतचा एक पट्टा पिकातूनही सोडा. गवत, बाभळी, ओढ्यांची तोंडं मोकळी. आणि त्याचा मोबदला शेतकऱ्याला द्या, फुकटचा उपदेश नको.

माझाही मळीत 15 गुंठे ऊस आहे. परवा घरात म्हटलं, नदीकडेचे पाच गुंठे सोडू या. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, त्या पाच गुंठ्याचं बिल मासे देणार का?"

अजून उत्तर दिलेलं नाही. लावण तोंडावर आलीय.