बियाला चटका द्या, उकडू नका

रोहिणी नक्षत्र लागलं की पशुपालकांच्या ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी फिरतो. "चारा बियाणे कोणतेही असो, सुबाभूळ, दशरथ, स्टायलो, चवळी, 10 मिनिटे उकळा, मग रात्रभर जिब्रेलिकमध्ये ठेवा. उगवण 100 टक्के. घाई असेल तर ॲसिड. तरीही उगवले नाही तर बियाणे बोगस." (जिब्रेलिक म्हणजे वाढीसाठी वापरतात ते संजीवक.) या बियांना पेरणीआधी काहीतरी करावं लागतं, एवढी गोष्ट त्यात बरोबर आहे. अर्थात चवळी सोडून.

आधी उकळण्याचं बघू. मटकी भिजवली की तळाशी चार गणंग उरतात, ते घरात सगळ्यांनी पाहिलेत. सुबाभळीचं बहुतेक ताजं बी तसंच गणंग असतं. टरफलात उभ्या पेशींचा इतका घट्ट थर असतो की आत पाण्याचा थेंब जात नाही. मात्र बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं त्या डोळ्याजवळ एक नाजूक जागा असते. उष्णतेने ती उचकटते आणि तिथून पाणी आत शिरतं. आपल्याला एवढंच दार उघडायचं असतं. त्यासाठी सुबाभळीला साधारण 80 अंशांच्या पाण्यात 3 ते 5 मिनिटं पुरतात. 10 मिनिटं खळखळ उकळलंत तर दारही उघडतं आणि आतला कोंबही शिजतो. मी हे एकदा करून बसलोय. सकाळी बी मस्त टपोरं फुगलेलं होतं, आठवड्याने सगळ्याला वास सुटला.

पाणी उकळलं की भांडं चुलीवरून उतरवा, निवत 80 वर येऊ द्या आणि मगच बी टाका. थर्मामीटर असेल तर उत्तम. पाणी बियांच्या कितीतरी पट हवं, नाहीतर गार बी पडताच ते कोमट होतं. वेळ संपली की बी फडक्यावर ओतून लगेच गार पाण्यात घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी फुगलेलं बी चाळणीने वेगळं निघतं. जे बारीकच राहिलं त्याला पुन्हा एक चटका. जिवाणू संवर्धक, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंचं खत, चोळायचं ते बी पूर्ण गार झाल्यावर, सावलीत. गरम बियावर ते जिवाणू मरतात.

"कोणतेही असो" हे तर सगळ्यात महागात पडतं. चवळीला असल्या उपचाराची गरजच नसते. गिरिपुष्पाचं बीही साध्या पाण्यात रात्रभर भिजवलं तरी पुरतं. दोन्हींना उकळतं पाणी म्हणजे सरळ उसळ. आपल्या बियाला गरज आहे का, हे बघायला 100 दाणे साध्या पाण्यात एक दिवस ठेवा. बहुतेक फुगले तर चूल पेटवूच नका. पण फुगलेलं म्हणजे जिवंत असं नाही, मेलेलं बीही फुगतं. ते ओल्या गोणपाटात कोंब येतो का यावरून कळेल.

जिब्रेलिकवर फार बोलायला नको. जिथे पाणी शिरत नाही तिथे पाण्यात विरघळलेलं संजीवक कसं शिरणार? आणि दार उघडल्यावर साधं पाणीच पुरतं.

ॲसिडचं मात्र खोटं नाही. तीव्र गंधकाम्लाने टरफल झिजतं, प्रयोगशाळेत ते वापरतातही. पण घरी, पोरं अंगणात खेळत असताना, बादलीत? ॲसिडवर पाणी ओतलं की ते उसळून अंगावर येतं. थोडं बी असेल तर पॉलिश पेपरवर चोळा. दाणा खरखरीत झाला की थांबा.

आता "बोगस". बोगस बियाणं बाजारात असतं, नाही कोण म्हणतं? पण उगवण चाचणीत कठीण बी आणि मेलेलं बी वेगवेगळं मोजतात. 15-20 दिवसांनी उकरून पाहिलं आणि दाणा टणक, चकचकीत निघाला, तर बहुधा ते गणंग आहे, दुकानदाराला शिव्या द्यायची घाई नको. कुजून पिचपिचीत झालं असेल तर भांडायला जा.

राहता राहिले 100 टक्के. बाएफ या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेने 1970 च्या दशकापासून पुण्याजवळच्या उरुळी कांचनहून सुबाभूळ गावोगाव नेली, आज बांधांवर तिची रानं उठलीत. तिथे कोण पाणी उकळायला जातं? दिवसा तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या जमिनीत काही बी एका वर्षी दार उघडतं, काही पुढच्या. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कुरणांत स्टायलोचं बीही कोरड्या मोसमात असंच थोडंथोडं मऊ पडतं. सगळं बी एकदम उगवलं आणि मृगानंतर तीन आठवडे उघडीप पडली, तर रोपं एकदमच जळतात. विहिरीच्या पाण्यावर दशरथ लावायची असेल तर सगळ्या बियाला चटका द्या. माळावरच्या कुरणात स्टायलो टाकताना मी निम्मंच बी गरम पाण्यात घालतो, उरलेलं तसंच कोरडं मिसळून फेकतो.