आधी सिनेमा बघा, मग भांडा

काल संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर अर्धा कप तसाच ठेवून मी उठलो. आमच्यातले चौघं पाऊण तास भांडत होते, बॅटमनच्या गोष्टीतला तो तोंड रंगवलेला खलनायक, जोकर, 'द डार्क नाइट'मधल्या हीथ लेजरचा भारी की 'जोकर'मधल्या वाकीन फिनिक्सचा. आवाज इतके चढले की शेजारचे रिक्षावाले वळून बघायला लागले. शेवटी मी विचारलं, दोन्ही सिनेमे पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी बघितलेत? एकानं. चौघांत एकानं! बाकीच्यांनी रील बघितल्या होत्या. जिन्यावरचा नाच, पेन्सिलीचा तो सीन, मागं ढॅणढॅण म्युझिक. तेवढ्या भांडवलावर एकमेकांची अक्कल काढणं चालू होतं.

मत वेगळं असलं तर मला काही वाटत नाही. मला स्वतःला फिनिक्सचं काम जास्त आवडतं, आणि त्यावर कुणी रात्रभर माझ्याशी भांडला तरी चालेल. पण बघून भांड की लेका.

आणि वर ते छातीठोक खोटं. जोकर लेजरच्या डोक्यात गेला आणि त्यातच तो मेला. दर वेळी कुणीतरी हे सांगतोच, आणि बाकीचे माना डोलावतात. अरे, माणूस गेलाय तो. 22 जानेवारी 2008 ला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. झोपेच्या, वेदनेच्या, चिंतेच्या गोळ्या एकत्र पोटात गेल्या आणि अपघातानं मृत्यू झाला, अशी तिथल्या वैद्यकीय तपासणीत नोंद आहे. त्या भूमिकेनं तो खचला नव्हता, उलट मजेत होता, असं त्याच्या सख्ख्या बहिणीनं सांगितलंय. सिनेमा जुलैत आला, ऑस्कर 2009 च्या फेब्रुवारीत मिळालं आणि ते घ्यायला त्याचे आईवडील आणि बहीण स्टेजवर गेले. त्या माणसानं तो आवाज, ती वाकडी चाल, ओठांवरून जीभ फिरवायची लकब एकेक करून अंगात बसवली. ही नटाची मेहनत आहे. तुम्ही त्याला भूत लागल्यासारखं बोलता तेव्हा ती सगळी मेहनत पुसून टाकता. मला याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

बरं, दोघांची बक्षिसंसुद्धा एक नाहीत. लेजरला सहायक अभिनेत्याचं, फिनिक्सला 2020 मध्ये प्रमुख अभिनेत्याचं. लेजरचा जोकर बॅटमनच्या गोष्टीत घुसतो आणि ती उलथी करतो, फिनिक्सच्या खांद्यावर अख्खा सिनेमा आहे. तुलना कशी करायची हे तरी आधी ठरवा. पण नाही. कोण कुणाला मारेल, मार्व्हलच्या सिनेमातला तो थॅनोस जोकरला किती सेकंदात संपवेल, इथंच गाडी येऊन थांबते.

खलनायक सोडा, बक्षीस मिळालेल्या सिनेमांचं तर विचारूच नका. सप्टेंबर 2024 मध्ये भारतातर्फे ऑस्करला 'लापता लेडीज' पाठवायचं ठरलं. त्याच वर्षी पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस, मिळालेलं. झालं, गाड्यावर दोन पार्ट्या. एक म्हणतंय अन्याय झाला, दुसरं म्हणतंय असले रडके सिनेमे कोण बघतं. तेव्हा तो पायलचा सिनेमा महाराष्ट्रात थिएटरला लागलाही नव्हता! देशभर लागला 22 नोव्हेंबरला. जानेवारीत घरबसल्या मोबाइलवर बघायची सोय झाली. त्यानंतर मी एकेकाला विचारलं. एकानंही बघितला नव्हता. भांडण मात्र तोंडपाठ होतं.

आणि तो सिनेमा काही परग्रहावरचा नाही. मुंबईच्या हॉस्पिटलात राबणाऱ्या बायका आहेत. छाया कदमची पार्वती तिथं स्वयंपाकघरात काम करते. वर्षानुवर्षं राहिलेल्या चाळीतल्या खोलीचा तिच्याकडं कागद नाही, बिल्डर तिला बाहेर काढतो आणि ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते. आपल्या गल्लीत मुंबईला गेलेलं माणूस नाही असं एक घर दाखवा. त्या बिल्डरला रंगवलेलं तोंड नाही की हिरवे केस नाहीत, म्हणून तो खलनायक वाटत नाही का तुम्हाला? हीच छाया कदम 'लापता लेडीज'मध्ये मंजू माई आहे. एकच बाई दोन्ही सिनेमांत उभी आहे आणि दोन्हीकडून भांडणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही.

मग काल कुणीतरी म्हणालं, मराठीत तसला खलनायक झालाच नाही, आपलं म्हणजे नुसतं वाड्यावर बोलावणं. निळू फुल्यांची ती फालतू नक्कल करून सगळे खिदळले. तिथंच माझं डोकं फिरलं. सांगलीत बसून हे बोलता? 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीतास्वयंवर' उभं केलं. त्या काळच्या नाटकांतले राक्षस 'अललल डुर्र' करत आरोळ्या ठोकत स्टेजवर यायचे. तोंड रंगवलेल्या खलनायकाला टाळ्या द्यायला आपल्याला अमेरिकेनं शिकवलेलं नाही. आणि निळूभाऊंचा 'सामना' बघितलाय का कुणी? त्यातला हिंदूराव धोंडे पाटील सहकारातला, साखरेतला माणूस. ओरडत नाही, गोड बोलतो, पाहुणचार करतो. समोर श्रीराम लागूंचा दारूडा मास्तर एकच प्रश्न परत परत विचारतो आणि या पाटलाच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत जातो. लिहिलाय तेंडुलकरांनी, केलाय जब्बार पटेलांनी, 1975 ला बर्लिनच्या स्पर्धेत होता. चारी बाजूंनी ऊस असलेल्या गावात राहून तुम्हाला तो पाटील माहीत नाही आणि जोकरच्या त्या गॉथम शहराची गल्ली न् गल्ली माहीत आहे.

मी यांना तीनदा घरी बोलावलंय. रविवार ठरवला, भडंग केलं, पडदे लावले. पहिल्या रविवारी दोघं आले आणि अर्ध्या तासात फोन काढून बसले. पुढच्या दोन रविवारी कुणीच नाही. सोमवारी गाड्यावर मात्र सगळे हजर.

या रविवारी पाच वाजता परत 'सामना' लावतोय. फोन दाराबाहेरच्या टेबलावर ठेवायचे. ज्यानं पूर्ण बघितला त्याच्याशी मी पहाटेपर्यंत भांडेन. ज्यानं नाही बघितला त्यानं सोमवारी माझ्यासमोर जोकरचं नाव काढू नये.