मुद्दल किती होती ते सांग

आमच्या घरात जास्त आकडा म्हणजे चांगलं, हा नियम तीनच गोष्टींना लागू नाही: बाबांची साखर, आईचं बीपी आणि माझं सीटी (स्कॅनमधलं नव्हे, पीसीआरमधलं). पहिल्या दोन्हींसाठी डॉक्टर आहेत. तिसऱ्यासाठी मी स्वतःच डॉक्टर व्हायला निघाले, त्याला आता पाच वर्षं होतील.

मी पुण्यात पीएचडी करते. करते म्हणजे पीसीआरची प्लेट लावते: डीएनएच्या प्रती काढत जायच्या आणि त्यावरून मूळ माल किती होता ते मोजायचं. प्लेट म्हणजे तळहाताएवढं प्लॅस्टिक, त्यात 96 खळगे, प्रत्येक खळग्यात आठ मायक्रोलिटर मास्टर मिक्स (प्रती काढायचं साहित्य) आणि दोन मायक्रोलिटर टेम्प्लेट (ज्याच्या प्रती काढायच्या तो डीएनए). दोन मायक्रोलिटर म्हणजे किती, तर पिपेटच्या टिपच्या टोकाला घाम फुटल्यासारखं दिसतं तेवढं. ते खळग्याच्या भिंतीला लावायचं, अंगठा दाबायचा, टिप फेकायची, नवी टिप, पुढचा खळगा. हे सगळं श्वास रोखून चाललेलं असतं आणि बरोबर डी 7 वर, म्हणजे चौथ्या ओळीतल्या सातव्या खळग्यावर आल्यावर मागून कुणीतरी विचारतं, "चहाला येतेस?" चहा राहतो बाजूला. डी 7 मध्ये टाकलं की टाकायचंय, हा प्रश्न उरतो. मग प्लेट ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटून बघायचं. आमच्या लॅबमध्ये या पोझमध्ये उभ्या असलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही.

मग वर फिल्म चिकटवायची, प्लेट फिरवून बुडबुडे घालवायचे आणि मशीनमध्ये सरकवायची. मशीन प्लेट 95 अंशांना तापवतं, 60 ला आणतं, परत तापवतं. असं चाळीस वेळा. प्रत्येक फेरीत डीएनएच्या प्रती दुप्पट होतात, आत टाकलेला रंग त्यांना चिकटून चमकतो, आणि ही चमक पडद्यावरची एक आडवी रेषा ज्या फेरीला ओलांडते, तो फेरीचा आकडा म्हणजे सीटी.

त्याला खरं तर सीटी म्हणायचं नाही. कुणी सीटी म्हणायचं, कुणी सीपी, जशी मशीनची कंपनी तसं नाव. शेवटी 2009 साली जाणकारांनी एमआयक्यूई नावाची नियमावली काढली आणि सांगितलं, बाबांनो, सगळे मिळून सीक्यू म्हणा. शोधनिबंधात आम्ही सीक्यू लिहितो. तोंडात सीटीच. लकडी पुलाचा संभाजी पूल होऊन किती वर्षं झाली, पुलात लाकडाची एक ढलपी नाही, पण रिक्षावाल्याला काय सांगता?

या आकड्याचा स्वभाव उलटा. माल जास्त असेल तर चमक लवकर दिसते, म्हणून आकडा लहान. माल कमी तर आकडा मोठा. हे डोक्यात बसायला मला एक सेमिस्टर लागलं. 2021 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, आमच्या अख्ख्या गल्लीच्या डोक्यात ते बसवायची पाळी माझ्यावर आली. तेव्हा मी नुकतीच एमएस्सी होऊन तासगावला घरी बसले होते, पण "पीसीआरमधलं कळणारी" म्हणून गल्लीला तेवढं पुरे होतं. कोपऱ्यावरचे काका गच्चीवरून ओरडून सांगायचे, "माझा एकोणतीस आला गं! त्याचा नुसता सतरा!" ज्याचा नुसता सतरा होता, त्याची बायको त्याला फोनवर धीर देत होती, "पुढच्या वेळी वाढेल." मी जीव तोडून समजावलं, की बारा फेऱ्यांचा फरक म्हणजे कागदावर चार हजार पट. तोही दोघांच्या नाकात काडी सारखीच खोल गेली असेल आणि किट एकच असेल तर. आणि तरीही यावरून कोण किती आजारी ते ठरत नाही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण एकोणतीस चांगलाच ना?"

त्या वेळी आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेने, पॉझिटिव्हसाठी 35 ची हद्द धरली होती. ती 24 वर आणता येईल का, असं महाराष्ट्रातून विचारलं गेलं आणि आयसीएमआरने नको म्हणून कळवलं. वर्तमानपत्रात तो फरक अकराचा दिसत होता. अकरा वेळा दुप्पट करून बघा: 2048. गल्लीत मी हे पाटीवर लिहून दाखवायच्याही तयारीत होते, पण तोवर सगळे ऑक्सिमीटरकडे वळले होते.

एका माणसाला मात्र हे पहिल्या झटक्यात कळलं. बाबांना. बाबांनी आयुष्य पतसंस्थेच्या काउंटरमागे काढलं. मी फेरी, दुप्पट, रेषा एवढंच म्हटलं आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे दामदुप्पट. चाळीस वेळा." मग तिथेच कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. एका रुपयाचे चाळीस फेऱ्यांनंतर एक लाख दहा हजार कोटी. "असं कोण देतं?"

कुणी देत नाही, मी म्हटलं. शेवटी शेवटी प्रायमर, म्हणजे प्रत जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे, संपत येतात, प्रती काढणारं एन्झाइम दमतं, आणि मुद्दल एक रुपया असो की हजार, सगळ्यांच्या रेघा वर जाऊन सारख्याच आडव्या पडतात.

"मग शेवटची रक्कम बघून काय उपयोग? लाखाचा आकडा कुणी कितव्या फेरीला गाठला ते बघायचं. जो लवकर गाठेल त्याची मुद्दल मोठी." एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले. आमच्या कोर्सवर्कमध्ये यासाठी दोन लेक्चरं आणि 64 स्लाइड होत्या.

तेव्हापासून मी फोन केला की बाबा अभ्यास कसा चाललाय असं विचारत नाहीत. "मुद्दल किती निघाली?" असं विचारतात. आणि मुद्दल निघत नाही, हीच तर माझी रड आहे. आम्ही प्रत्येक नमुना तीन खळग्यांत टाकतो. एकाच नळीतले, एकाच हाताने टाकलेले तीन सख्खे भाऊ. परवा ते असे आले: 24.1, 24.2, 26.9. तिसरा भाऊ पावणेतीन फेऱ्या उशिरा, म्हणजे बाकीच्यांच्या मानाने त्याच्याकडे जवळजवळ पावणेसात पट कमी. जनुक तेच, पेशी त्याच. मग हा पावणेसात पट फरक कुणाचा? माझ्या अंगठ्याचा. मशीन दोन दशांशांपर्यंत आकडा देतं आणि त्यातला बराचसा माझ्या जेवणाच्या वेळेबद्दल असतो.

पडद्यावरची ती रेषा माउसने वर-खाली करता येते. रात्री नऊ वाजता, लॅबमध्ये कुणी नसताना, ती किती सहज सरकते हे मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की फायदा होत नाही. रेषा वर नेली की सगळेच भाऊ मिळून उशिरा येतात आणि तिसरा त्यांच्या मागे तसाच.

पण यंदा दिवाळीला घरी गेले ती वेगळंच ओझं घेऊन. स्टँडर्ड कर्व्ह. नमुना दहा-दहा पटीने पातळ करत जायचा आणि प्रत्येकाचा सीटी घ्यायचा. दामदुप्पट चोख असेल तर दर दहा पटीला 3.32 फेऱ्यांचं अंतर पडतं, कारण दुप्पट-दुप्पट करत दहापट व्हायला तेवढ्याच फेऱ्या लागतात. त्यावरून मशीन एफिशियन्सी काढून देतं: चोख दुप्पट म्हणजे 100 टक्के. 90 ते 110 टक्के आली तर चालते. माझी आली 118. मॅडमनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "हं" म्हणाल्या. मॅडमचं "हं" फार महाग पडतं.

घरी चकल्या चालल्या होत्या. मी कागद टेबलावर टाकून सोऱ्या दाबायला बसले. बाबांनी कागद उचलला.

"118 टक्के म्हणजे दुपटीपेक्षा जास्त?"

"हो."

"दुपटीपेक्षा जास्त देतो म्हणणारे आले होते आमच्या गावात. ऑफिसला कुलूप लावून गेले." आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

आकडे असे होते: 18.6, 19.9, 23.3, 26.6, 30.0. माझ्यासाठी तो एक आलेख होता, उतार उणे 2.95. बाबांसाठी ती खतावणी होती. त्यांनी खालून वर वजाबाकी करत शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: 3.4, 3.3, 3.4, आणि सगळ्यात वर 1.3. त्या 1.3 ला टिचकीएवढी खूण केली. पतसंस्थेत तेरीज जुळली नाही की करायचे, तश्शीच.

"बाकीचे चोख आहेत. हा पहिला. ह्याची मुद्दल दुसऱ्याच्या दहापट म्हणतेस, मग हा सव्वा फेरीनेच पुढे कसा? ह्याला कुणीतरी अडवलंय."

अडवलं होतंच. पहिली नळी पातळ न केलेली. तिच्यात आधीच्या टप्प्यातलं मीठ, एन्झाइम, काय काय उरलेलं असतं, आणि ते पीसीआरच्या पायात येतं. पातळ केलं की तो कचराही पातळ होतो. म्हणजे एफिशियन्सी वाढली नव्हती, पहिला धावपटू लंगडत होता. तो एक बिंदू काढून पुन्हा गणित केलं: उतार उणे 3.36, एफिशियन्सी 98 टक्के. माझ्या हाताला चकलीचं पीठ, त्यामुळे लॅपटॉपवर आकडे बाबांनीच टाकले, एका बोटाने.

आई इतका वेळ कढईशी होती. आता तिने विचारलं, "पण कुणाची मुद्दल कमी, कुणाची जास्त, ते बघायचं कशाच्या मानाने?" मी सांगितलं, की हाउसकीपिंग जीन असतात, पेशीचं रोजचं घरकाम करणारी. ती कधी बदलत नाहीत असं धरून बाकीच्यांचं कमी-जास्त मोजायचं.

"घरकाम करणारी रोज सारखंच करते, असं धरलंय तुम्ही?" आई झारा हातात घेऊन म्हणाली. "कुणी विचारलंय का तिला?"

एमआयक्यूईची नियमावलीही हेच म्हणते: आधी तपासा, मग धरा. आम्ही तपासलं नव्हतं. जीएपीडीएच नावाचं घरकामवालं जनुक सगळेच घेतात, म्हणून आम्हीही घेतलं होतं. मी गप्प राहून सोऱ्या दाबला आणि चकली तुटली.

बाबा अजून कागदावरच होते. सगळ्यात खालची ओळ वाचत होते. "हे एनटीसी कोण?"

एनटीसी म्हणजे ज्या खळग्यात टेम्प्लेट टाकतच नाहीत, नुसतं पाणी. तिथे काही यायला नको. आलं होतं 36.8.

"म्हणजे ज्या खात्यात पैसे टाकलेच नाहीत, त्यात पैसे?"

"ते प्रायमर एकमेकांना चिकटतात, बाबा. शेवटी प्लेट हळूहळू तापवून मेल्ट कर्व्ह काढतात, त्यात दिसतं, तुकडा लहान असतो, लवकर वितळतो. माझ्या नमुन्यांच्या बराच नंतर आलाय. चालतं."

"चालतं?" त्यांनी चष्मा काढला. "मेल्ट का काय ते, बघितलंस?"

बघितलं नव्हतं.

भाऊबीज आटोपून मी पुण्याला आले. शनिवारी दुपारी तीनचा स्लॉट मिळाला. नवं पाणी, नवे प्रायमर, पहिली नळी दहापट पातळ करूनच. डी 7 पर्यंत पोचले होते, तेवढ्यात फोन थरथरला. बाबांचा मेसेज. हातमोजा काढून वाचला: "त्या रिकाम्या खात्याचं काय झालं?"

फोन ठेवला, नवा हातमोजा चढवला आणि प्लेट ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटला.