कॅमेरे स्वस्तात बसवा, चोरालाही परवडतील असे

घराला सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचं ठरलं ना? उत्तम. फक्त कशासाठी बसवायचे, हे स्वतःला विचारू नका. तो प्रश्न पडला की हिशेब बिघडतो. पलीकडच्या गल्लीत घर फुटलं म्हणून बसवा किंवा समोरच्या काकांनी बसवले म्हणून बसवा. दुसरं कारण जास्त टिकतं. मग दुकानात जायचं आणि एकच वाक्य बोलायचं, "चार कॅमेऱ्यांचं किती?" घर केवढं, दारं किती, गेट कुठं, रात्री उजेड असतो का, हे त्यानं विचारलं तर दुकान बदला. तो उगीच खोलात जाणारा दिसतोय.

बरा दुकानदार तिथल्या तिथं सांगतो, "पंधरा ते वीस हजारात बसवून देतो, दादा." यात कॅमेऱ्यांचा वाटा फार नसतो. दोन मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा हजार-पंधराशेला मिळतो. चार चॅनेलचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, तीन-साडेतीन हजार, एक टेराबाइटची हार्ड डिस्क चार-पाच हजार, शिवाय चित्र आणि वीज दोन्ही नेणाऱ्या थ्री प्लस वन केबलचं नव्वद मीटरचं बंडल, पॉवर सप्लाय, कनेक्टर, पट्ट्या आणि कॅमेऱ्यामागं तीनशे ते पाचशे मजुरी. वर १८ टक्के जीएसटी. इथं थांबून खोल श्वास घ्या. "बिलाचं करायचं का बिनबिलाचं?" असं तो हळूच विचारेल, तेव्हा दुखावल्यासारखा चेहरा करून म्हणा, "बिल कशाला? घरातलंच काम हाय की!" अडीच-तीन हजार वाचले. वर्षाच्या आत डीव्हीआर मान टाकेल तेव्हा हाच दुकानदार तुम्हाला ओळखेल, चहा मागवेल आणि बिलाशिवाय कंपनी दारात उभी करत नाही, हे अत्यंत जड मनानं सांगेल. चहाचे पैसे तो घेणार नाही. हा तुमचा फायदाच.

सरकार मात्र मध्ये मध्ये लुडबुड करतं. केंद्रानं एप्रिल २०२४ मध्ये नियम काढला की कॅमेऱ्याचं आतलं यंत्र आणि त्यातलं सॉफ्टवेअर सुरक्षेच्या चाचणीत पास झालं पाहिजे. ९ एप्रिल २०२५ पासून तो लागूही झाला. म्हणून दुकानदार "जुना स्टॉक हाय, स्वस्तात देतो" म्हणाला की डोळे मिटून घ्या. स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर चाचणी कसली करायची?

केबलीवर तर एक रुपया जास्त घालवू नका. शुद्ध तांब्याची घ्या असं सांगणारा माणूस कमिशनवर असणार. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली केबल निम्म्यात येते आणि भिंतीला लागल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. पातळ केबलीवर दिवसा चित्र लख्ख असतं. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेडचे दिवे लागतात, त्याला करंट जास्त लागतो, लांबच्या केबलीत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद-चालू, बंद-चालू करत बसतो. थोडक्यात, दिवसा येणारा चोर शंभर टक्के सापडणार.

आता हार्ड डिस्क. एक टेराबाइट म्हणजे किती, हे कुणी विचारत नाही आणि विचारूही नये, पण तुम्ही आमचे म्हणून सांगतो. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा जुन्या पद्धतीनं सेकंदाला चार मेगाबिट लिहीत असेल, तर दिवसाला ४३ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे १७३. म्हणजे एक टेराबाइट सहा दिवसांच्या आत भरतं आणि डीव्हीआर गुपचूप पहिल्या दिवसावर नवं लिहायला घेतो. चित्रण दाबून लिहिणाऱ्या नव्या एच-२६५ पद्धतीनं साधारण दुप्पट दिवस मिळतात. पण सेटिंगमध्ये ते चालू करावं लागतं आणि आलेल्या पोराला पुढच्या साइटची घाई असते. कोल्हापुरातनं हरिप्रिया एक्स्प्रेसनं बालाजीला जाऊन, वाटेत पाहुण्यांकडं चार दिवस राहून तुम्ही परत याल, तेव्हा चोरीचं चित्रण पुसून त्यावर तुमच्या रिकाम्या अंगणाचं चित्रण आलेलं असेल. अंगण छान दिसेल. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांमधलं चित्रण १८ महिने, अगदीच जमत नसेल तर किमान वर्षभर जपून ठेवायला सांगितलं होतं. ते त्यांचं झालं. आपल्याला काय एवढं लपवायचंय, म्हणजे जपायचंय?

डीव्हीआर कुठं ठेवायचा? टीव्हीखालच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात. वर क्रोशाचा रुमाल. चोरांनाही आता माहीत झालंय की तिजोरीबरोबर तो काळा डबाही उचलायचा असतो. तो माळ्यावर कुलपात ठेवून त्यांची कंबर कशाला मोडायची? शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा या भागांत राहत असाल तर खालच्या खणाचा आणखी एक उपयोग. २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, त्याची रेघ बघा आणि डीव्हीआर त्याच्या दोन फूट खाली बसवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका असतो. तेवढ्या वेळात आपण गादी, गॅस, कागदपत्रं आणि म्हस वर नेतो. डीव्हीआर कुणाच्या लक्षात राहिलाय?

पासवर्ड बदलू नका. 'ॲडमिन' आणि १२३४५ हेच राहू द्या, नाहीतर भाचा आल्यावर मोबाइलवर जोडून कोण देणार? २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असेच कारखान्यातले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर हाताशी धरून अमेरिकेतल्या एका मोठ्या इंटरनेट कंपनीवर हल्ला चढवला होता. ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास आडवे झाले. खासबागेच्या मातीत उतरणं तुम्हाला कधी जमलं नाही, निदान तुमचा डीव्हीआर तरी जागतिक आखाड्यात शड्डू ठोकून येईल. नाद खुळा!

कॅमेरा लावायचा तो उंच. इतका उंच की येणाऱ्याची फक्त टोपी दिसावी. नेहमीच्या कॅमेऱ्यात चेहरा ओळखू यायचा तर माणूस चार-पाच मीटरच्या आत लागतो. पण आपल्याला चौक दिसायला हवा, पलीकडची मिसळीची गाडी दिसायला हवी, मंडळाच्या पोरांनी वर्गणीचं पुस्तक काढलं की आधी कळायला हवं. पावसाळ्यात कॅमेऱ्यासमोर कोळी जाळं विणतो. रात्रीच्या उजेडाला किडे येतात, म्हणून त्याची खानावळ तिथंच असते. जाळं पुसू नका. रात्री अडीचला मोबाइलवर 'हालचाल आढळली' असा निरोप येतो आणि घरातले सगळे उठून कोळ्याचा पाय बघतात. कुटुंब एकत्र येण्याचे प्रसंग हल्ली कमी झालेत.

पैसे खरे वसूल होतात ते घरातल्या माणसांवर. हॉलमधला कॅमेरा बोलणारा घ्या. मावशी पावणेआठऐवजी आठ वाजून दहा मिनिटांनी आल्या, हे ऑफिसात बसून बघता येतं आणि वरून आवाजही देता येतो, "मावशी, सोफ्याखालनं झाडू फिरला न्हाई!" छतातून मालकिणीचा आवाज आल्यावर मावशी आधी देव्हाऱ्याकडं बघतील, मग काम सोडतील. नव्या मावशी महिना पाचशे जास्त मागतात. ते कोटेशनमध्ये नव्हतं, पण दुकानदार बिचारा काय काय धरणार? महिन्याची वीस-पंचवीस युनिट वीज त्यानं कुठं धरली होती? मोबाइलवर बघायला लागणारं इंटरनेट कुठं धरलं होतं? आबा रात्री दोनला फ्रिज उघडून बासुंदी खातात, हा या यंत्रणेनं उघडकीला आणलेला पहिला गुन्हा असेल. पुरावा दाखवल्यावर आबा आठ दिवस बोलणार नाहीत. मग रोज कॅमेऱ्याकडं बघून हात जोडतील आणि मगच फ्रिज उघडतील.

शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कारखान्याची शेड असेल तर सोळा कॅमेरे लावा. फौंड्रीत काळ्या धुळीनं काचा आठवड्यात माखतात. त्या पुसायला माणूस लागतो आणि त्यानं नीट पुसलं का हे बघायला सतरावा कॅमेरा. मालकानं महाबळेश्वरला बसून कामगार चहाला किती मिनिटं गेले ते मोजावं. ती मिनिटं मोजण्यात स्वतःची सकाळ गेली, तिचा पगार कुणी कापत नाही. कामगार दोन दिवसांत शिकतात की कॅमेऱ्याच्या बरोबर खाली उभं राहिलं की माणूस दिसत नाही. कारखान्यातली सगळी मोठी चर्चा तिथंच होते.

महाद्वार रोडवर कापडाचं दुकान असलेल्यांना मात्र थट्टा सोडून सांगतो, कपडे बदलायच्या खोलीच्या आसपासही कॅमेरा नको. आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

सामायिक वाड्यात राहत असाल तर एक कॅमेरा धाकट्या भावाच्या दाराकडं असलाच पाहिजे. कलकत्त्यात असंच झालं. एका घरात राहणाऱ्या भावांमध्ये कॅमेऱ्यांवरून वाद झाला. सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं तिथल्या उच्च न्यायालयानं सांगितलं आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. घरातल्या कॅमेऱ्यांवरून थेट दिल्ली! आपल्याकडं एवढ्या अंतरासाठी बांध कोरावा लागतो. वकिलाची फी मात्र कॅमेऱ्याच्या खर्चात धरू नका. ती भाऊबंदकीच्या खात्यावर टाका, तिथं शिल्लक नेहमीच असते.

समोरच्या काकांचा कॅमेरा तुमच्या दाराकडं तोंड करून आहे? सोडू नका. तुमचा त्यांच्या खिडकीकडं आहे, तो भाग वेगळा. तुमचा सुरक्षेसाठी आहे. काकींना भेटा, मंडळाच्या अध्यक्षांना मध्ये घाला, चौकीत अर्ज द्या, गल्लीत दोन महिने बोलणं बंद ठेवा. शेवटी काका वैतागून स्टुलावर चढतील आणि कॅमेरा आपल्याच पाण्याच्या टाकीकडं वळवतील. हा विजय पेढे वाटून साजरा करावा.

आणि मग एका रात्री चोर येतीलच. पोलीस पंचनाम्याला येतील आणि विचारतील, "फुटेज आहे का?" डीव्हीआर खालच्या खणातून रुमालासकट गेलेला असेल. गेला नसेल तर बिनबिलाच्या डीव्हीआरनं तीन महिन्यांपूर्वीच डिस्क ओळखणं सोडलेलं असेल. मोबाइलवर चित्र दिसत होतं म्हणून रेकॉर्डिंग होतंय असं तुम्ही धरून चाललात. समजा होतही असलं, तरी कोर्टात नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याला ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात हॅश नावाचा लांबलचक आकडा भरावा लागतो. ज्या पोरानं कॅमेरे बसवले त्याला फोन लावाल, तर तो आता मोबाइलचे कव्हर विकतोय.

हवालदार गल्लीत नजर टाकतील. तुमच्या दारासमोर दुसरा कॅमेरा एकच आहे, काकांचा. काका कुठलाही राग न धरता चित्रण लावून देतील. त्यात पाण्याची टाकी अगदी स्वच्छ दिसेल, वरच्या कंपनीचं नावसुद्धा वाचता येईल. काकी चहा टाकतील. काका जवळ सरकून हळू आवाजात विचारतील, "एकूण किती गेलं म्हणायचं?"

कॅमेऱ्यांचे धरून सांगायचं की सोडून, ते तुम्ही ठरवा.