पित्त उठतंय म्हणून दोनशे पदार्थांची तपासणी?

‘अंगावर सारखं पित्त उठतं? दोनशे पदार्थांची रक्ततपासणी करा, लाल आलेले पदार्थ सोडा, पित्त मुळापासून जाईल. डॉक्टरांच्या गोळ्या नुसतं दाबतात, वर सवय लागते. तोवर आमसूल चोळा.’ अशा अर्थाचे मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरत असतात.

खाण्यामुळेच होतं? सहा आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज गांधी उठत असतील, तर त्यामागे खाण्याची अ‍ॅलर्जी क्वचितच असते. कोळंबी सोसत नसेल तर खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंगावर उठतं. पहाटे खाजेने जाग येणाऱ्याने रात्रभर काय खाल्लं? बऱ्याच जणांत स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्वचेतल्या मास्ट पेशींना (अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या पेशी) डिवचते आणि हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन सुटतं.

आता ती महागडी तपासणी. त्यात बहुधा आयजीजी ही अँटीबॉडी (शरीराने तयार केलेलं प्रतिकारक प्रथिन) मोजतात. तो वाढलेला असणं म्हणजे तो पदार्थ तुमच्या पोटात जातो, एवढंच. म्हणून तर गहू, दूध लाल येतं आणि माणूस उगाच भात-दुधीवर दिवस काढतो.

निदान होतं ते विचारून आणि बघून. एका गांधीभोवती पेनाने गोल काढा. 24 तासांत ती विरून दुसरीकडे उठली, तर नेहमीचा प्रकार. तिथेच ठाण मांडून बसली, खाजेपेक्षा आग जास्त, जाताना काळसर डाग, तर रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो, बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणं) लागते. पिशवीचा बंद रुतला तिथे काही तासांनी सूज येते का? गार पाण्याने उठतं का? तसं असेल तर डॉक्टर हातावर बर्फ ठेवून बघतात. अंगदुखीच्या गोळीनंतर वाढतं का, हेही सांगा. सुरुवातीला रक्ताच्या तपासण्या मोजक्याच: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ईएसआर किंवा सीआरपी (अंगातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या). तज्ज्ञ थायरॉइडच्या अँटीबॉडी आणि एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित अँटीबॉडी) बघतात.

गोळ्या दाबतात, हे खरं. तेच तर हवंय! आजार बहुतेकांत काही वर्षांत आपणहून ओसरतो, तोवर नीट झोप नको का? या गोळ्या म्हणजे हिस्टामिनला अडवणारी अँटीहिस्टामिन; त्यातल्या गुंगी न आणणाऱ्यांची सवय लागत नाही. डॉक्टर डोस चौपटीपर्यंत नेऊ शकतात, त्यानेही भागलं नाही तर ओमालिझुमॅब या औषधाचं इंजेक्शन असतं. औषधाने फरक पडला का हे ठरवायला रोज वहीत गांधींना 0 ते 3 आणि खाजेला 0 ते 3 गुण द्यायचे, आठवड्याचे 42 पैकी. ही वही त्या रंगीत रिपोर्टाहून कामाची.

आमसूल लावायचं तर लावा, गार वाटतं. पण जीभ-घसा सुजून श्वास लागला तर तडक हॉस्पिटल गाठा.