एलएनजीचे जहाज आणि ‘तरंगता अणुबाँब’: एका दाव्याचा प्रतिवाद

द्रवरूप नैसर्गिक वायूची, म्हणजे एलएनजीची, जहाजे ज्या किनाऱ्यावर येणार असतात, तिथे समाजमाध्यमांवरचा एक मजकूर त्यांच्याही आधी पोहोचतो. त्याचा आशय थोड्याफार फरकाने असा असतो: एका एलएनजी जहाजात हिरोशिमावर टाकलेल्या बाँबच्या पन्नास-साठपट स्फोटशक्ती असते; गळती झाली तर पन्नास किलोमीटरपर्यंत काही उरत नाही; म्हणूनच श्रीमंत देश आपल्या शहरांजवळ ही जहाजे येऊ देत नाहीत; आणि असे जहाज एकदा येऊ लागले की ते बंदर इतर जहाजांना आणि मच्छीमारांना कायमचे बंद होते. किनाऱ्यावरच्या माणसाला आपल्या घराची काळजी वाटणे योग्यच आहे. पण या मजकुरामुळे ती काळजी नेमकी चुकीच्या जागी वळते, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

हिरोशिमाच्या तुलनेतील आकडा हवेतून आलेला नाही. आज बांधल्या जाणाऱ्या नेहमीच्या जहाजाची क्षमता सुमारे १,७४,००० घनमीटर असते. त्यात साधारण ७८,००० टन एलएनजी मावतो आणि तो सगळा जाळला तर मिळणारी उष्णता हिरोशिमाच्या बाँबच्या, म्हणजे टीएनटी या स्फोटकाच्या सुमारे १५ किलोटनांच्या (१५ हजार टनांच्या), साठपटींच्या घरात जाते. गुणाकार बरोबर आहे. निष्कर्ष चुकीचा आहे. हाच गुणाकार दगडी कोळशाला लावून पाहावा. पावणेदोन लाख टन कोळसा घेऊन येणाऱ्या केपसाइझ (कोळसा, खनिज असा सुटा माल वाहणाऱ्या अतिमोठ्या) जहाजातही जवळपास तेवढीच उष्णता साठलेली असते, आणि तीन लाख टन कच्चे तेल वाहणाऱ्या महाकाय टँकरमध्ये तिच्या सुमारे तिप्पट. रत्नागिरी जिल्ह्यात, दाभोळच्या दक्षिणेला असलेल्या जयगडच्या बंदरात केपसाइझ जहाजे येतात, आणि त्यांना अणुबाँब म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नाही. इंधनात ऊर्जा किती आहे, यापेक्षा ती किती वेगाने बाहेर पडू शकते, यावर स्फोट अवलंबून असतो.

तो वेग कशावर ठरतो, हे मुंबईने स्वतः अनुभवले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि स्फोटके होती. स्फोटकांना जळण्यासाठी लागणारा प्राणवायू त्यांच्या रेणूंमध्येच असतो, त्यामुळे सगळी ऊर्जा क्षणार्धात बाहेर पडते; गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मेली, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. एलएनजी हा मुख्यतः मिथेन, उणे १६२ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करून द्रव केलेला. द्रव अवस्थेत तो पेट घेत नाही. त्याची वाफ व्हावी लागते, ती हवेत मिसळावी लागते, आणि त्या मिश्रणात मिथेनचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असावे लागते. त्याहून कमी असेल तर ते पेटत नाही, जास्त असेल तरी पेटत नाही. मोकळ्या हवेत असा ढग पेटला तर ज्वाला त्यातून मागे सरकत जाते आणि सांडलेल्या द्रवावर मोठी आग लागते. ती आग भीषण असते, पण तो बाँब नव्हे. ढग इमारतीत किंवा बंदिस्त जागेत शिरला तर मात्र स्फोट होऊ शकतो, आणि म्हणूनच टाक्या व वस्ती यांच्यातील अंतराचा आग्रह धरलाच पाहिजे.

या मजकुरासोबत अनेकदा रस्त्यावरच्या टँकरच्या स्फोटाची चित्रफीत जोडलेली असते. बहुतेक वेळा ती एलपीजीची असते. एलपीजी साध्या तापमानाला दाबाखाली ठेवून द्रव केला जातो, त्यामुळे आगीत सापडलेली टाकी फुटली की आतला द्रव एकदम उसळून आगीचा गोळा होतो. एलएनजीच्या जहाजातील टाक्यांमध्ये दाब जवळजवळ वातावरणाइतकाच असतो. तिथे वायू द्रव राहतो तो थंडीमुळे. रस्त्यावरच्या एलएनजी टँकरची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण त्याची टाकी दाब सोसणारी असते, आणि २००२ मध्ये स्पेनमध्ये असा एक टँकर उलटून पेटल्यावर फुटला होता. बंदरातील जहाजाला ते उदाहरण लागू होत नाही.

अपघात कुठे झाले, हेही पाहावे. १९४४ मध्येच, ऑक्टोबर महिन्यात, अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात एलएनजीची टाकी फुटली आणि सुमारे १३० माणसे मरण पावली. त्या टाकीचे पोलाद अतिथंडीत ठिसूळ होणारे होते आणि सांडलेला द्रव अडवायला भोवती पुरेशी व्यवस्था नव्हती. पुढे नऊ टक्के निकेलचे पोलाद आणि टाकीभोवतीची दुसरी भिंत हे नियम त्याच धड्यातून आले. जानेवारी २००४ मध्ये अल्जीरियातील स्किकडा येथील एलएनजी प्रकल्पाच्या स्फोटात २७ जण गेले आणि २०२२ मध्ये टेक्सासमधील फ्रीपोर्टचा प्रकल्प स्फोटानंतर कित्येक महिने बंद राहिला. हे दोन्ही वायू द्रव करणारे निर्यात प्रकल्प होते. जहाजांचे म्हणाल, तर १९७९ मध्ये जिब्राल्टरजवळ ‘एल पासो पॉल केसर’ भरल्या टाक्यांनिशी खडकावर चढले, तळ फाटला, तरी दुहेरी कवचामुळे टाक्या शाबूत राहिल्या आणि माल दुसऱ्या जहाजात उतरवता आला.

पन्नास किलोमीटरच्या आकड्याला कसलाच आधार नाही. अमेरिकेच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००४ मध्ये, जहाजावर मुद्दाम हल्ला करून टाकी फोडली तर काय होईल, याचा अंदाज मांडला. अतितीव्र परिणाम सुमारे ५०० मीटरपर्यंत, भाजण्याचा धोका साधारण १,६०० मीटरपर्यंत, आणि ढग न पेटता पसरत गेला तर तो अडीच किलोमीटरच्या आसपास, असे ते अंदाज आहेत. दीड-दोन किलोमीटर हे अंतर क्षुल्लक नाही. धक्क्यापासून तेवढ्या अंतरात कोण राहते, शाळा कुठे आहे, बाहेर पडायला रस्ता आहे का, हे प्रश्न या आकड्यांतूनच निघतात. पन्नास किलोमीटर म्हटले की अख्खा तालुका त्यात येतो आणि धक्क्याशेजारची वाडी त्या गर्दीत हरवते.

श्रीमंत देश ही जहाजे शहराजवळ येऊ देत नाहीत, हे विधान तर सरळ खोटे आहे. टोकियोच्या उपसागरात १९६९ पासून एलएनजी उतरवला जातो आणि आज तिथे एकाच आखातात अनेक टर्मिनल, म्हणजे जहाजातून एलएनजी उतरवून साठवण्याची ठिकाणे, आहेत. बार्सिलोनाचे टर्मिनल शहराच्या बंदरातच आहे. बोस्टनलगतच्या एव्हरेट येथे जहाज शहराच्या मध्यातून जाते. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर जर्मनीने २०२२ सालातच विल्हेल्म्सहाफेनचे तरंगते टर्मिनल उभे केले. १९६४ मध्ये अल्जीरियाहून ब्रिटनला नियमित वाहतूक सुरू झाली तेव्हा अशी जहाजे बोटांवर मोजण्याइतकी होती. आज ती सातशेहून अधिक आहेत आणि वर्षाला सुमारे ४० कोटी टन एलएनजी समुद्रमार्गे जातो. आपल्याकडे दहेजला पहिले जहाज जानेवारी २००४ मध्ये आले.

शेवटच्या विधानात मात्र सत्याचा अंश आहे आणि तो मी नाकारणार नाही. एलएनजी जहाज खाडीत शिरते तेव्हा त्याच्याभोवती हलता सुरक्षा पट्टा ठेवला जातो. बोस्टनमध्ये तो जहाजापुढे दोन मैल आणि मागे एक मैल असतो आणि जहाज जाताना वरच्या टोबिन पुलावरील वाहतूकही थांबवली जाते. सुमारे २९० मीटर लांबीच्या आणि उंच बाजूंमुळे वारा धरणाऱ्या या जहाजाला तीन-चार टग, म्हणजे जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी, लागतात, आणि तेवढा वेळ ते टग व बंदरात जहाजाला वाट दाखवणारा पायलट दुसऱ्या जहाजाला मिळत नाहीत. पण हा अडथळा काही तासांचा असतो. जहाज धक्क्याला लागले की जलमार्ग मोकळा होतो आणि पट्टा धक्क्याभोवती उरतो. बंदर कायमचे बंद होत नाही.

मच्छीमारांचे नुकसान वेगळ्या मार्गाने होते. जलमार्ग खोल करण्यासाठी गाळ काढला जातो, धक्क्याभोवतीची जागा मासेमारीला कायमची जाते, मार्गात टाकलेली जाळी तुटतात, आणि जिथे समुद्राच्या पाण्याने द्रवाचा पुन्हा वायू केला जातो तिथे काही अंश थंड झालेले पाणी समुद्रात परत सोडले जाते. गुहागर तालुक्यातील दाभोळ टर्मिनलला २०१३ मध्ये सुरुवात झाली. लाटरोधक भिंत अपुरी असल्याने ते कित्येक वर्षे पावसाळ्यात बंद ठेवावे लागत असे, आणि म्हणून ती भिंत पुरी करण्याचे काम हाती घेण्यात आले. भिंतीमुळे टर्मिनल बारमाही झाले की जहाजांच्या फेऱ्या वाढतात, आणि भिंतीच्या आडोशाला वाळू व गाळ कुठे साचेल हेही बदलते. वेलदूर-अंजनवेलच्या माणसाने जनसुनावणीत उभे राहून मागायचे ते हेच: जहाजाची वेळ आदल्या दिवशी होड्यांपर्यंत पोहोचवण्याची लेखी व्यवस्था, तुटलेल्या जाळ्यांच्या भरपाईचा ठरलेला दर, परत सोडलेल्या पाण्याच्या तापमानाच्या जाहीर नोंदी आणि दीड किलोमीटरच्या आतील प्रत्येक घरासाठी बाहेर पडण्याचा आराखडा.