मॉरिशसहून साखर कशी आणावी

मॉरिशसला निघण्याआधी समुद्राचा विचार करू नका. समुद्र कुठे जात नाही. आधी यादी करा. सासरचे, माहेरचे, ऑफिसातले, सोसायटीचे सेक्रेटरी आणि आठ दिवस कुंड्यांना पाणी घालणार असलेल्या शेजारच्या काकू. यादी तिसाच्या पुढे गेली की बॅगा भरायला घ्या. जाताना भाकरवडी आणि ठेपले, येताना फ्रिजवर चिकटवायचे डोडो. वजन तेवढंच राहतं, विमान कंपनीलाही चुकल्यासारखं वाटत नाही.

तिथलं चलन रुपया आहे. ही गोष्ट ऐकून जो सुखावतो, तोच आधी बुडतो. त्यांचा एक रुपया आपल्या दोन रुपयांच्या जरासाच खाली असतो, पण पाटीवर 'रु. ४००' दिसलं की आपलं मन 'चारशेच ना' म्हणून मोकळं होतं. गुणाकार परतीच्या विमानात करावा, जेवणाचा ट्रे उचलून नेल्यावर. तोवर नोटेकडे नुसतं कौतुकाने बघा, कारण तिच्यावर इंग्रजी आणि तमिळच्या सोबत आपली देवनागरीही आहे. १९९८ साली नव्या नोटांवर हिंदीची ओळ तमिळच्या वर छापली गेली, केवढा गदारोळ झाला, आणि सरकारला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. एवढ्या बारकाईने नोट वाचणाऱ्या लोकांशी आपण घासाघीस करायला निघालो आहोत, हे लक्षात असू द्या.

घासाघीस राजधानी पोर्ट लुईच्या मोठ्या बाजारात करायची. कोडानच्या वॉटरफ्रंटवर करू नका, तिथे किमती छापलेल्या असतात आणि सेल्सगर्ल नुसती हसते. बाजारात खाली भाजी आणि वर पर्यटक मिळतात. आधी क्रिओलचे, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या तिथल्या बोलीचे, दोन शब्द पाठ करा. 'कोम्ये?' म्हणजे कितीला, आणि 'त्रो सेर' म्हणजे फार महाग. फ्रेंचमधल्या 'शेर'चा तिथे 'सेर' झालाय. शब्द नीट उच्चारलेत की दुकानदार थेट हिंदीत विचारतो, "मुंबई से या पुणे से?" इथे खचून जाऊ नका. नागपूर सांगा आणि अर्ध्या किमतीपासून सुरुवात करा.

मग डोडो घ्या. डोडो घेतल्याशिवाय मॉरिशस सोडता येत नाही, असा काही कायदा नाही, पण अनुभव तसाच आहे. हा बिचारा न उडणारा पक्षी. डच लोक १५९८ मध्ये बेटावर उतरले आणि त्यानंतर शंभर वर्षांच्या आत तो संपला. शिकार झाली, आणि जहाजांतून आलेले उंदीर, डुकरं आणि माकडं त्याच्या अंड्यांवर पडली. जिवंत असताना त्याची कुणाला किंमत नव्हती. आता मात्र पैदास जोरात आहे. लाकडी, कापडी, चिनी मातीचा, टी-शर्टवरचा, चपलेवरचा, बाटली उघडायचा. देशाच्या राजमुद्रेवरही तोच उभा आहे. त्याच्या पोटाखालचं लेबल मात्र उलटून पाहू नका. अनेक डोडोंचं जन्मगाव चीन असतं, आणि नामशेष पक्ष्याच्या वंशावळीत शिरून कुणाचंच भलं झालेलं नाही. खरी हाडं बघायची असतील तर ती पोर्ट लुईच्याच निसर्गेतिहास संग्रहालयात आहेत. पण तिथे मॅग्नेटला वेळ कमी पडेल, तेव्हा जाऊ नका.

समुद्रकिनाऱ्यावरून शंख आणि प्रवाळ मात्र उचलू नका. कायद्याने मनाई आहे. (या परिच्छेदात उपरोध नाही. खरंच उचलू नका.)

रंगीत माती चालते. शामारेलला सात रंगांची जमीन आहे. लाव्हाच्या खडकाचं लाखो वर्षांत भुसभुशीत होऊन पडलेलं ते लाल, तपकिरी, जांभळं रूप. जमिनीला कुणी हात लावू नये म्हणून भोवती कठडा घातलाय, आणि बाहेरच्या दुकानात तीच माती काचेच्या नळीत थर लावून विकायला ठेवलीय. ती घ्या. घरी आल्यावर शोकेसमध्ये ठेवा. मग एक दिवस पाहुण्यांची पोरं नळी हलवतील आणि तुमच्याकडे एकाच रंगाची, कोकणातल्या कुठल्याही पायवाटेवर फुकट मिळणारी माती उरेल.

आता चहा. बोआ शेरीच्या मळ्यात १८९२ पासून चहा होतो आणि त्यातला व्हॅनिलाचा चहा प्रसिद्ध आहे. बिनदुधाचा, हलका. दोन पाकिटं घ्या आणि काकूंना द्या. काकू त्यात आलं, वेलची, दूध आणि चार चमचे साखर घालून सात मिनिटं उकळतील, एक घोट घेतील आणि म्हणतील, "छान आहे हो, पण चहाची चव नाही." याहून खरं परीक्षण कुठे मिळणार.

खरंच बेटावर घडणारी एक गोष्ट म्हणजे जहाजांच्या प्रतिकृती. क्युरपीप आणि फ्लोरेआलच्या कार्यशाळांत मूळ जहाजांच्या नकाशांवरून माणसं महिनोन्‌महिने एकेक शिडाची दोरी बांधत बसलेली असतात. त्यात टायटॅनिकही असतं, आणि १७४४ साली याच बेटाच्या किनाऱ्याशी फुटलेलं 'सें जेरां'ही. बुडालेल्या जहाजांना इथे खास मागणी आहे. भाव विचारा, ऐका, 'वा' म्हणा आणि बाहेर या. घेतलंतच तर ते लाकडी खोक्यात बांधून देतात, आणि ते खोकं आपल्या लिफ्टमध्ये मावत नाही.

वाक्वाच्या पानांच्या पिशव्यांकडेही बघू नका. आपल्या केवड्याच्या कुळातलं हे झाड. त्याच्या पानांपासून इथल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या साध्या चौकोनी पिशव्या विणल्या. पूर्वी साखरेची पोतीसुद्धा त्याचीच असत. ही पिशवी हलकी, टिकाऊ आणि खरीखुरी इथली. म्हणूनच ती कोपऱ्यात असते आणि तिच्यापुढे मादागास्करहून आलेल्या रंगीबेरंगी राफियाच्या, म्हणजे एका ताडाच्या धाग्यांच्या, टोपल्या लावलेल्या असतात. तुम्ही राफियाच घ्या. फोटोत चांगली दिसते.

पिशवी विकणाऱ्या बाईंच्या कपाळावर कुंकू दिसलं तर आडनाव विचारायचा मोह आवरत नाही. ते 'जी'ने संपलं तर कान टवकारा. पणजोबांचं नावच पुढे आडनाव झालेल्या मराठी घरांत अशी नावं बरीच सापडतात. १८३४ पासून मजूर करारावर आणले जाऊ लागले, आणि मुंबई बंदरातून जे गेले त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे होते. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी गणपती इतका जपला की गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. 'झाकरी' नावाचं नृत्यही तिथे आहे. कोकणातली जाखडी ज्याने पाहिली आहे त्याला ओळख सांगावी लागत नाही. पण हे सगळं पिशवीत मावत नाही, त्यामुळे मुद्द्यावर या आणि पन्नास रुपये कमी करायला सांगा. "हम भी मराठी हैं," असं हिंदीतून सांगून. बाई पन्नास कमी करतील. पंचाहत्तर आधीच वाढवलेले असतात.

आप्रवासी घाट बाजारापासून चालत काही मिनिटांवर आहे. ज्या दगडी पायऱ्यांवरून ते मजूर चढले, त्या २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. सहलीच्या कार्यक्रमात त्याला दहा मिनिटं असतात आणि कारखान्याच्या सेलला अडीच तास. वेळापत्रक करणाऱ्याला आपली पारख आहे.

आणि आता मुख्य खरेदी, साखर. हसू नका. मॉरिशसची डेमेरारा आणि मस्कोवाडो साखर जगात नावाजलेली आहे. काळसर, ओलसर, काकवीचा वास असलेली. छोट्या सुबक पाकिटात येते, वर उसाच्या फडाचं चित्र. चित्रातला तो ऊस पहिल्यांदा तोडायला कोणाचे पणजोबा गेले होते हे पाकिटावर लिहिलेलं नसतं, वजन लिहिलेलं असतं. तुम्ही सहा पाकिटं घ्या. ती चेक-इन बॅगेत तळाशी ठेवा, वर चिनी डोडो, त्यावर राफिया. विमानतळावर अँथुरियमच्या फुलांचे लांबट खोके दिसतील, तोही एक घ्या. हातात काहीतरी लोंबकळत असल्याखेरीज माणूस परदेशातून आल्यासारखा वाटत नाही.

मग एखाद्या रविवारी कोल्हापूरच्या मामांकडे जा. मामा सहकारी साखर कारखान्याचे जुने सभासद. पाकीट त्यांच्या हातात द्या आणि "मॉरिशसची आहे, खास" असं सांगा. मामा चष्मा लावून पाकीट उलटसुलट बघतील. किंमत विचारतील. तुम्ही गुणिले दोन करून सांगाल. मामा काही बोलणार नाहीत, माणूस सभ्य आहे. चिमूटभर जिभेवर ठेवून म्हणतील, "गुळाची भुकटीच की ही." तेवढ्यात मामी आतून हाक मारतील, "अगं, रिकाम्या हाताने कशी जातेस?" आणि सभासदांच्या कोट्यातली पाच किलोची पिशवी तुमच्या गाडीत ठेवली जाईल. नाही म्हणू नका. बॅगेत आता जागा आहे.